रक्षकाचे नित्यकर्म

मनुष्याचे पुण्य त्याने घडवलेल्या गोष्टींवरूनच मोजावे, की त्याने घडू न दिलेल्या गोष्टींचाही त्यात हिशेब धरावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी तर्कशास्त्राच्या पाठशाळेतला वाटतो. परंतु जरा खोलात शिरले, म्हणजे आपल्या नीतिविषयक समजुतींचा बराच मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे, असे ध्यानात येते. जगाचे दप्तर घडलेल्या गोष्टींचे असते. ग्रंथ लिहिला, मंदिर बांधले, किल्ला सर केला, दुष्काळात अन्नछत्र घातले, की त्याची तारीखवार नोंद होते आणि पुढे तीन पिढ्यांनी कोणी दाखला मागितला तरी तो काढून देता येतो. उलटपक्षी, ज्याच्या दक्षतेमुळे पटकीची साथ गावाच्या वेशीशीच थबकली, ज्याने वेळीच समजुतीचे चार शब्द सांगितल्यामुळे दोघा भावांचा तंटा दिवाणी अदालतीपर्यंत गेला नाही, त्याच्या नावासमोर काय लिहावे हे कोणत्याही कारकुनाला ठाऊक नसते. न झालेल्या फिर्यादीचा निकाल लागत नाही. रक्षण करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे नोंदीबाहेरचे आयुष्य येते. आणि तरीही समाज टिकतो तो बव्हंशी अशाच माणसांच्या बळावर.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी जे उदाहरण मी घेणार आहे, ते संतचरित्रातले नाही किंवा राजनीतीतलेही नाही. ते फुटबॉलच्या मैदानावरचे आहे. क्रीडेला क्षुल्लक मानण्याची आपल्या पंडितवर्गाची जुनी सवय आहे. परंतु संसारात ज्या गोष्टींची कार्यकारणपरंपरा वर्षानुवर्षे लांबते आणि अनेक हातांत विखुरली जाते, त्याच गोष्टी मैदानावर नव्वद मिनिटांत, हजारो साक्षीदारांसमोर, आरंभापासून अंतापर्यंत पाहावयास मिळतात. म्हणून नीतीच्या अभ्यासकाला मैदान ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे. या खेळात गोल करणारा आघाडीवीर आणि गोल होऊ न देणारा बचावपटू यांच्यात जो भेद आहे, तो वर सांगितलेल्या भेदाचेच मूर्त रूप होय. आणि स्पेन देशाच्या कार्लेस पुयोल या बचावपटूवर लोकांनी जे उत्कट प्रेम केले, त्याचा उलगडा करू गेल्यास, न घडलेल्या गोष्टींच्या पुण्याविषयी शास्त्रकारांनाही ज्या अडचणी पडल्या, त्यांतून एक वाट सापडते, असा माझा विश्वास आहे.

पुयोलचा जन्म १३ एप्रिल १९७८ रोजी कातालोनियातील ला पोब्ला दे सेगुर या लहानशा गावी झाला. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा हा मुलूख. पूर्वी येथले लोक नोगेरा पायारेसा नदीच्या प्रवाहातून लाकडाचे तराफे खाली नेत आणि त्या खडतर व्यवसायाची आठवण गाव अजून उत्सवरूपाने जपते. लहानपणी पुयोल गोलरक्षक होता. खांद्याच्या दुखण्यामुळे ती जागा सोडून तो आघाडीला खेळू लागला. १९९५ साली, सतरा वर्षांचा असताना, तो बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या वसतिगृहात दाखल झाला. क्लबच्या मैदानाला लागून असलेले, १७०२ साली बांधलेले ते जुने शेतघर. १९७९पासून तेथे होतकरू मुलांची राहण्याची सोय करण्यात आली होती. इतर मुले बाराव्या-तेराव्या वर्षी येत आणि चेंडूवर हुकमत मिळवीत. हा मात्र उशिरा आला, आणि त्याच्या पायांत ते लालित्य नाही हे पाहणाऱ्याला लगेच कळे. प्रशिक्षकांनी त्याला आघाडीवरून मध्यफळीत, मध्यफळीतून उजव्या बगलेला आणि अखेरीस बचावाच्या मध्यभागी असे मागे मागे सरकवत नेले. १९९८ साली मालागा या क्लबाने त्याला मागणी घातली व बार्सिलोनाने ती मान्यही केली. पण आपला मित्र झावी याला पहिल्या संघात खेळताना पाहून त्याने जाण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९९ रोजी, व्हान गाल या डच प्रशिक्षकाने त्याला पहिल्या संघात उतरवले. २००४ साली तो कर्णधार झाला आणि २०१४ साली निवृत्त होईपर्यंत, दहा वर्षे, ती पट्टी त्याच्या दंडावर राहिली. या कारकीर्दीत त्याने क्लबसाठी ५९३ सामने खेळले, सहा वेळा स्पेनची साखळी स्पर्धा व तीन वेळा युरोपचे अजिंक्यपद जिंकले; देशासाठी १०० सामने खेळून २००८चा युरो चषक आणि २०१०चा विश्वचषक मिळवला. आणि क्लबसाठी इतक्या सामन्यांत त्याने केलेले गोल किती? वीसही नाहीत. ताळेबंद मांडणाऱ्याने केवळ जमेची बाजू पाहिली, तर हा मनुष्य पंधरा वर्षे मैदानावर करत काय होता, असाच त्याला प्रश्न पडेल.

येथे आपल्या दर्शनकारांचा आधार घेतला पाहिजे. कणादांच्या वैशेषिक परंपरेने प्रारंभी सहा पदार्थ मानले. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. परंतु उत्तरकालीन आचार्यांना एवढ्यावर जगाचा हिशेब पुरा होईना, म्हणून त्यांनी सातवा पदार्थ जोडला, तो अभाव. पाठशाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवला गेलेला अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ या अभावाचे चार प्रकार सांगतो. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, ती नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, तिन्ही काळी नसणे तो अत्यंताभाव आणि एक वस्तू दुसरी नसणे तो अन्योन्याभाव. ‘नाही’ हेही ‘आहे’च्या तोडीचे एक सत्य आहे आणि त्याला जगाच्या यादीत स्वतंत्र कलम दिले पाहिजे, असे म्हणण्याइतके धैर्य या विचारवंतांनी दाखवले. अभावाच्या ज्ञानाविषयी त्यांनी आणि मीमांसकांनी एक मार्मिक अटही घातली. जी वस्तू असती तर अवश्य दिसली असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो; अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही.

आता ही अट मैदानाला लावून पाहावी. आघाडीवीर दूर असताना, धोकाच नसताना, गोल झाला नाही याचे श्रेय कोणाचेच नाही. परंतु २००२ साली लोकोमोटिव्ह मॉस्कोविरुद्धच्या सामन्यात गोलरक्षक जागेवरून हललेला होता, समोर मोकळे जाळे होते, प्रतिपक्षाच्या ओबियोरा या खेळाडूने नेम धरून चेंडू मारला होता आणि पाहणाऱ्यांच्या मनात गोल होऊनही गेला होता. त्या क्षणी गोलरेषेवर पुयोल आडवा आला आणि तो चेंडू त्याने छातीवर, सदऱ्यावरच्या क्लबच्या मुद्रेवर झेलला. येथे गोलाचे न होणे हा केवळ शून्याकार नव्हता. ते साक्षात डोळ्यांना दिसले. नैयायिकाच्या परिभाषेत बोलायचे तर, सारे प्रेक्षक ज्याला प्रागभाव समजत होते, म्हणजे ज्याच्या पोटी पुढल्या क्षणी गोल जन्मणारच असे धरून चालले होते, तो वस्तुतः अत्यंताभाव ठरला. जे होणारच होते ते कधीच न होणारे ठरवणे, हे रक्षकाचे कर्तृत्व.

याहून सूक्ष्म प्रकार त्यापूर्वी दोन वर्षे घडला होता. लुइस फिगो हा पोर्तुगीज खेळाडू बार्सिलोनाचा लाडका. तो २०००च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिद या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेला आणि २१ ऑक्टोबर रोजी त्या संघाकडून जुन्या मैदानावर परतला. त्या सायंकाळी त्याच्यावर झालेला शिव्याशापांचा आणि वस्तूंचा वर्षाव फुटबॉलच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. मैदानावर मात्र बावीस वर्षांच्या पुयोलला एकच काम नेमून दिले होते. फिगोची पाठ सोडायची नाही. युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान ज्याला त्याच वर्षी मिळाला, तो मनुष्य त्या दिवशी असून नसल्यासारखा झाला. बार्सिलोनाने दोन गोलांनी सामना जिंकला; दप्तरात नावे आहेत ती हे दोन गोल करणाऱ्यांची. परंतु त्या सामन्याची आठवण काढणारे लोक नाव घेतात ते पुयोलचे, आणि त्याच्या लोकप्रियतेची सनद त्या दिवशी लिहिली गेली असे मानतात. सामान्य प्रेक्षकाने न्यायशास्त्र वाचलेले नसते, पण सातव्या पदार्थाची त्याला उपजत ओळख असते, एवढे यावरून दिसते.

अभावाला सत्ता आहे हे मान्य केले, तरी त्याला पुण्य आहे काय, हा खरा पेच पुढेच आहे. मीमांसकांनी कर्मांची जी वर्गवारी केली, तीत काम्य कर्म फळासाठी करायचे आणि नित्य कर्म नेमाने करायचे. नित्यकर्माविषयी एक मत असे, की ते केल्याने काही विशेष मिळत नाही, परंतु न केल्यास दोष लागतो, ज्याला प्रत्यवाय म्हणतात. आघाडीवीराचे कर्म काम्य आहे. दहा प्रयत्नांतून एक सफल झाला तरी त्याचा जयजयकार होतो आणि उरलेले नऊ विस्मृतीत जातात. बचावपटूचे कर्म नित्य आहे. दहापैकी नऊ वेळा त्याने आक्रमण परतवले तर कोणी टाळी देत नाही, कारण ते त्याचे कामच होते. दहाव्या वेळी पाय घसरला, की सारा दोष त्याच्या माथी. केल्याचे फळ नाही आणि चुकल्याचा प्रत्यवाय मात्र आहे, असा हा एकतर्फी करार. गीताभाष्यात चौथ्या अध्यायाच्या विवेचनात शंकराचार्यांनी या मताला हरकत घेतली आहे. न करणे हा अभाव; त्या अभावातून दोष नावाचा भाव कसा उत्पन्न व्हावा, असा त्यांचा प्रश्न आहे. तार्किकदृष्ट्या हरकत बिनतोड आहे. परंतु पहाऱ्यावर डुलकी घेणाऱ्याला आपण सारेच अपराधी धरतो, मग त्याने काही ‘केले’ नसले तरी. ज्या न्यायाने हा दोष खरा, त्याच न्यायाने जागे राहिलेल्याचे पुण्यही खरे मानले पाहिजे. एक मानायचे आणि दुसरे नाकारायचे, ही बेइमानी होय.

मग नित्यकर्माचे फळ कोठे जमा होते? वेदान्त्यांचे उत्तर असे, की ते बाहेर कोठे जमा होत नाही; त्याने चित्ताची शुद्धी होते. कर्म करता करता करणारा घडतो. हे उत्तर आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कीर्तनातल्या ठरावीक वाक्यासारखे कानांवरून जाते. परंतु पुयोलच्या चरित्रात काही प्रसंग असे आहेत, की ज्यांमुळे या उत्तराची रुजुवात डोळ्यांदेखत होते.

२९ एप्रिल २०१२ रोजी माद्रिद शहरातील व्हायेकास या कष्टकऱ्यांच्या वस्तीत रायो व्हायेकानो या लहान क्लबाशी बार्सिलोनाचा सामना होता. सामना एकतर्फी झाला. अखेरीस सात गोलांचा फरक राहिला. पाचवा गोल थियागो या तरुण खेळाडूने केला आणि दानी आल्व्हेस या सहकाऱ्यासह त्याने मैदानाच्या कडेला नाच आरंभला. प्रतिपक्षाचे प्रेक्षक, ज्यांचा संघ साखळीत टिकून राहण्यासाठी धडपडत होता, ते समोर बसून हे पाहत होते. तेवढ्यात पुयोल तेथे पोचला. त्याच्या मुद्रेवर आनंदाचा लवलेश नव्हता. त्याने दोघांना हाताने वेगळे केले, नाच थांबवला आणि आपापल्या जागी परत पिटाळले. सारा प्रकार काही सेकंदांत आटोपला. जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधाराने स्वतःच्या संघाचा आनंद आवरावा, तोही हरणाऱ्यांच्या मानाखातर, याचे मला फार महत्त्व वाटते. ज्याने आयुष्यभर आपल्या गोलाचे रक्षण केले, त्याला रक्षणाची अशी काही सवय जडली, की समोरच्या संघाची अब्रूही त्याला आपल्याच ताब्यात दिलेल्या ठेवीसारखी वाटू लागली. हे त्याच्या करारात लिहिलेले नव्हते, प्रशिक्षकाने सांगितलेले नव्हते, आणि नाच चालू राहता तर कोणी त्याला दोष दिला असता असेही नाही. कर्माच्या हद्दीबाहेर गेलेले हे रक्षण म्हणजेच चित्तशुद्धीचे चिन्ह.

दुसरा प्रसंग त्याच्या वर्षभर आधीचा. बार्सिलोनाचाच फ्रेंच बचावपटू एरिक अबिदाल याच्या यकृतात अर्बुद असल्याचे मार्च २०११मध्ये आढळले आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तो जगेल की नाही, ही चिंता असताना खेळण्याची गोष्ट कोण काढणार? परंतु २८ मे रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, तेव्हा अबिदाल डाव्या बगलेला पूर्ण वेळ खेळला. पुयोल दुखापतींतून पुरता सावरलेला नसल्याने अखेरच्या काही मिनिटांतच मैदानावर आला. सामना तीन विरुद्ध एक असा जिंकल्यावर चषक स्वीकारण्याचा हक्क कर्णधाराचा. २००६ साली पॅरिसला आणि २००९ साली रोमला तो हक्क त्याने बजावला होता. त्या क्षणाची गोडी त्याला ठाऊक होती. या वेळी त्याने दंडावरची पट्टी काढून अबिदालच्या दंडावर चढवली आणि त्याला पुढे केले. चषक प्रथम उंचावला तो अबिदालने. हक्क गाजवण्यासाठी मनाचा जो जोर लागतो, त्याहून कितीतरी अधिक तो असा आनंदाने दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यासाठी लागतो.

स्पेनचाच तत्त्वचिंतक ओर्तेगा इ गासेत याने १९३०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुलीनतेची जी व्याख्या केली आहे, ती येथे आठवते. त्याच्या मते श्रेष्ठ मनुष्य तो, जो इतरांपेक्षा स्वतःकडून अधिक मागतो. हक्कांनी नव्हे, स्वतःवर लादून घेतलेल्या कर्तव्यांनी त्याची ओळख पटते. सामान्य मनुष्य आहे त्यात संतुष्ट असतो. ओर्तेगाने खेळाकडेही गंभीरपणे पाहिले होते. पोटासाठी केलेल्या श्रमांहून स्वेच्छेने, हौसेने केलेला अधिकचा प्रयत्न हाच संस्कृतीचा मूळ झरा, असे त्याचे प्रतिपादन होते. पुयोलच्या खेळाचे वर्णन याहून नेमके क्वचितच करता येईल. चेंडू हद्दीबाहेर जाणार हे निश्चित असतानाही तो त्याच्यामागे धावे; तीन गोलांची आघाडी असतानाही सहकाऱ्याला हलगर्जीपणाबद्दल सुनावी. चेहऱ्याचे हाड मोडले, कोपर निखळले, गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, तरी परतण्याची घाई तीच. त्याच्या मोकळ्या कुरळ्या केसांमुळे लोक त्याला लाडाने टारझन म्हणत. पण प्रेम होते ते या अविरत धावण्यावर.

या विवेचनाला काही हरकती निघतील, आणि त्या टाळणे योग्य नाही. पहिली अशी, की हा मनुष्य गडगंज मोबदला घेऊन खेळत होता, चषकांनी त्याचे घर भरले होते; त्याच्या कर्माला निष्काम कोणत्या तोंडाने म्हणावे? याचे उत्तर असे, की मोबदला मैदानात उतरण्याचा असतो, व्हायेकासचा नाच थांबवण्याचा नसतो. वेतनाने जेवढे विकत घेता येते तेवढे पूर्ण झाल्यानंतर जे उरते, तेच आपण तपासत आहोत. दुसरी हरकत अधिक तीक्ष्ण आहे. रक्षण हे नेहमी आपल्यांचे असते. म्हणून त्यात पक्षपात आला, आणि पक्षपातातून अधर्म फार दूर नाही. ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडचा आर्येन रॉबेन एकटाच गोलाकडे धावत असताना पुयोलने मागून त्याला हाताने अडवण्याची शिकस्त केली. रॉबेन पडला नाही, पंचाने शिट्टी फुंकली नाही आणि कासियास या गोलरक्षकाने पुढे येऊन चेंडू कबज्यात घेतला. रॉबेनने दाद मागितली, तर त्यालाच ताकीद मिळाली. त्या हाताला नियमाने दोष लागत होता, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. रक्षणाचा आवेश मनुष्याला नियमाच्या काठावर नेतो, कधी काठापलीकडेही नेतो. हा त्या धर्माचा अंगभूत धोका आहे. म्हणूनच रक्षकाला इतर कोणाहूनही अधिक चित्तशुद्धीची गरज असते, कारण आपल्यांसाठी केलेला अन्याय हा अन्याय न वाटता त्याग वाटण्याची भीती त्यालाच सर्वांत अधिक.

पक्षपाताचा प्रश्न पुयोलपुढे आणखी एका रूपाने उभा होता. तो कातालान. २ मे २००९ रोजी माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनाने सहा विरुद्ध दोन असा विजय मिळवला, त्यात डोक्याने गोल केल्यावर त्याने दंडावरची कातालोनियाच्या ध्वजाच्या रंगांची पट्टी काढून तिचे चुंबन घेतले. तोच मनुष्य स्पेनचा सदरा घालून शंभर वेळा मैदानात उतरला. २०१०च्या विश्वचषकाच्या ऐन वेळी कातालोनियाच्या स्वायत्ततेच्या कायद्यावर स्पेनच्या घटना-न्यायालयाने दिलेल्या निकालाने त्या प्रांतात क्षोभ उसळला होता आणि अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी बार्सिलोनाच्या रस्त्यांवरून प्रचंड मोर्चा निघाला होता. अशा वेळी दोन निष्ठांपैकी एक खोटी आहे, असे दोन्ही बाजूंनी बजावले जात असते. पुयोलने त्यावर व्याख्यान दिले नाही. दोन्ही सदऱ्यांत त्याने सारखाच घाम गाळला, आणि माद्रिदच्या लोकांनीही त्याला आपला मानले. निष्ठा ही द्वेषाच्या खतावरच वाढते, अशी जी एक समजूत सर्व देशांच्या राजकारणात रूढ आहे, तिला खोडून काढण्यास हा आचरणाचा पुरावा पुरेसा आहे.

आणि त्या स्पर्धेतील त्या एका गोलाचे काय? ७ जुलै रोजी डर्बन येथे उपांत्य सामन्यात समोर जर्मनी होता, ज्याने इंग्लंड व अर्जेंटिना यांना प्रत्येकी चार गोल मारून वाटेतून दूर केले होते. त्र्याहत्तराव्या मिनिटाला झावीने कोपऱ्यावरून चेंडू उंच पाठवला. पुयोल दूर मागे उभा होता. तेथून धावत येऊन, स्वतःच्याच सहकाऱ्याच्या, पिकेच्या अंगावरून जणू, त्याने झेप घेतली आणि कपाळाने असा काही तडाखा दिला, की गोलरक्षकाला हलायलाही सवड मिळाली नाही. त्या एकमेव गोलावर स्पेन आपल्या इतिहासात प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. रक्षकाचे नाव शेवटी दप्तरात चढले ते गोल करणारा म्हणून, याची कोणाला खंत वाटेल; मला वाटत नाही. कारण ती झेप नीट पाहिली, तर तीत आघाडीवीराचे चातुर्य किंवा हूल दिसत नाही. चेंडू आपला आहे आणि मध्ये कोणीही असो, तो दुसऱ्याला मिळू द्यायचा नाही, हा बचावपटूचाच निर्धार तीत आहे. वर्षानुवर्षे नित्यकर्म करणाऱ्याच्या हातून एखादे वेळी जे असाधारण कर्म घडते, ते त्या नित्याचेच टोक असते. लोकांनी त्या गोलासाठी त्याच्यावर प्रेम केले नाही. आधीपासून असलेल्या प्रेमाला तेथे बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा मिळाली, इतकेच.

उरला अखेरचा प्रसंग, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका. मार्च २०१४मध्ये पुयोलने जाहीर केले, की हंगाम संपताच आपण क्लब सोडणार. कराराची मुदत २०१६पर्यंत होती. म्हणजे दोन वर्षांचे वेतन, मान आणि कर्णधारपद कागदोपत्री त्याच्या हक्काचे होते. गुडघे साथ देत नव्हते, आणि आपल्याला हवा त्या दर्जाचा खेळ आता आपल्याकडून होत नाही, हे त्याने ओळखले होते. ज्या क्लबाने एके काळी त्याला दुसऱ्याच्या हवाली करण्याची तयारी दाखवली असता त्याने जाण्यास नकार दिला, त्याच क्लबाशी दोन वर्षांचा करार शिल्लक असता तो आपण होऊन निघाला. या दोन निर्णयांत मला विसंगती दिसत नाही. ज्या जागेचे रक्षण करायचे, तिला धोका कोठून आहे एवढेच रक्षक पाहतो. आणि तो धोका जेव्हा स्वतःच्याच थकलेल्या शरीरापासून असतो, तेव्हा स्वतःपासूनही तिचे रक्षण करणे त्याला प्राप्त होते. अधिकारपदावरून वेळेवर उठण्याचे शहाणपण राजकारणात, संस्थांत, घराघरांतून किती दुर्मीळ असते, हे सांगावयास नको.

क्रमाने पाहिले तर या जीवनात रक्षणाचे वर्तुळ कसे विस्तारत गेले हे स्पष्ट दिसते. प्रथम ते गोलरेषेचे रक्षण होते. मग सहकाऱ्याच्या मानाचे, मग प्रतिस्पर्ध्याच्या अब्रूचे, आणि सरतेशेवटी स्वतःच्या आसक्तीपासून त्या पदाचे. हा विस्तार कोणत्याही ग्रंथाच्या पठणातून आला नाही. तो आला एकच फळहीन भासणारे काम हजारो वेळा मनापासून केल्याने. ज्या कर्माचे फळ दिसत असते, ते करणाऱ्याचे लक्ष फळाकडे जाते आणि पाहणाऱ्याचेही. ज्या कर्माचे फळ अभावरूपच असते, तेथे दोघांनाही पाहण्यासारखे एकच काही उरते. ते म्हणजे कर्म करण्याची रीत. पुयोलच्या लोकप्रियतेचे मर्म मला यातच दिसते. लोकांना त्याच्या खात्यावर मोजण्याजोगे फारसे सापडत नव्हते, म्हणून त्यांनी मोजणे सोडून दिले आणि ते त्या मनुष्याकडे पाहू लागले. आणि मनुष्य पाहण्याजोगा निघाला.

तेव्हा न घडलेल्या गोष्टींना पुण्य आहे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की टळलेल्या अनिष्टांची बेरीज कोणालाही करता येणार नाही आणि ती करण्याचा हट्टही धरू नये. परंतु अनिष्ट टाळण्यासाठी जो मनुष्य रोज उभा राहतो, त्याच्यात त्या उभे राहण्याने जो पालट होतो, तो भावरूप आहे, प्रत्यक्ष आहे आणि कोणत्याही चषकाइतका खरा आहे. शास्त्रकारांनी त्यालाच फळ म्हटले. सामान्य लोकांनी शास्त्र न वाचता ते ओळखले आणि आपल्या प्रेमाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि या बाबतीत लोकांचा निवाडा शास्त्राच्या निर्णयाशी तंतोतंत जुळतो, याचे मला मोठे समाधान वाटते.